आलेल्यांची चर्च : जमीन, दगड आणि भाषा

(वारजे येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय जाहीर झाल्यावर काहींनी कार्यकर्त्यांना विचारलं म्हणे, की वारज्यात चर्चचा इतिहास कशाला? उत्तर सोपं आहे. ज्यांचे आजोबा वारज्यात जन्मले त्यांनी हात वर करावेत असं मी म्हटलं, तर या सभागृहात मोजकेच हात दिसतील. बाकीचे आपण सगळे आलेले. कोणी भोर-वेल्ह्याकडून, कोणी मराठवाड्यातून, कोणी सोलापूर-कलबुर्गीकडून, कोणी थेट उत्तरेतून. महामार्गाचं बाह्यवळण झालं, मुठेकाठची शेतं बिनशेती झाली, सोसायट्या उठल्या. माणूस आला की भाड्याची खोली, नळजोड, मुलांची शाळा यांच्या पाठोपाठ त्याला देवाची जागा लागते. तीही गावाकडच्या देवाची, गावाकडच्या भाषेत. हे जगभर असंच चालत आलं आहे. त्याचा माग काढायला कॅथलिक चर्च सोयीची पडतात, कारण ही मंडळी वह्या ठेवतात. बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक, सगळं नोंदलेलं.

मी वास्तुरचनाकार नाही. शैलींची नावं घेऊन तुम्हाला घाबरवणार नाही. कुठल्याही प्रार्थनास्थळापुढे उभं राहिल्यावर चार प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. जमीन कोणी दिली? पैसा कोणाचा? प्रवचन कोणत्या भाषेत? आणि आज आत कोण बसतं? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की कमानी आणि मनोरे आपोआप बोलू लागतात.

सुरुवात लांबून करू. अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलँड नावाचं पोलादाचं शहर आहे. १८८० नंतर हंगेरीतले शेतकरी तिथल्या कारखान्यांत कामाला लागले. बहुतेक तरुण आणि एकटे. चार पैसे गाठीला बांधायचे, परत जायचं आणि गावी जमीन घ्यायची, या हिशेबाने आलेले. लालबाग-परळच्या खोल्यांतून राहणाऱ्या चाकरमान्यांचा हिशेब याहून वेगळा नव्हता. १८८९ साली तिथे सेंट लॅडिस्लॉस हे चर्च उभं राहिलं, ते हंगेरियन आणि स्लोव्हाक कामगारांनी मिळून. दोघेही हंगेरीच्या राज्यातून आलेले, दोघेही कॅथलिक. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, तर तेव्हा लॅटिनमध्येच असायची, दोघांनाही सारखीच न कळणारी. तरी भांडण लागलं, आणि ते भाषेवरून. प्रवचन कोणाच्या बोलीत व्हायचं, पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरना कोणाची बोली यायची? शेवटी चर्च स्लोव्हाकांकडे राहिलं आणि हंगेरियन मंडळी बाहेर पडली.

१८९२ च्या डिसेंबरात कारोली बोएम नावाचे धर्मगुरू हंगेरीहून तिथे पोहोचले आणि सेंट एलिझाबेथ ऑफ हंगेरी हे चर्च सुरू झालं. अमेरिकेतल्या हंगेरियन रोमन कॅथलिकांचं हे पहिलं चर्च. नाव दिलं ते तेराव्या शतकातल्या आपल्या राजकन्येचं, गोरगरिबांना भाकरी वाटणाऱ्या संत एलिझाबेथचं. सुरुवातीची इमारत साधी होती. आज दिसतं ते मोठं, दोन मनोऱ्यांचं चर्च १९१८ ते १९२२ या काळात एमिल उलरिख या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावर उभं राहिलं. ही वर्षं नीट पाहा. पहिलं महायुद्ध संपत होतं. १९२० च्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश मुलूख गेला. परत जाऊन जिथे जमीन घ्यायची, ती कितीतरी गावं आता दुसऱ्याच देशात होती. परतीचा विचार मनातून निघाला आणि दगड चढला. पहिली तात्पुरती वास्तू मुक्कामाची असते. दुसरी, पक्की वास्तू म्हणजे इथेच राहायचं ठरल्याची कबुली असते. पुण्यात हे लागू पडतं का, ते आता पाहू.

साल १७९२. गादीवर सवाई माधवराव, कारभार नाना फडणीसांचा. त्या वर्षी उत्तरेतून महादजी शिंदे पुण्यात आले आणि त्यांच्या छावणीबरोबर युरोपियन अंमलदारांनी शिकवलेली कवायती फौजही आली. संगमावर इंग्रजांचा वकील मॅलेट बसलेला. पेशव्यांच्या स्वतःच्या फौजेतही गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि गोलंदाज होते. त्यांच्यातला एक अधिकारी दोम मिगेल द नोरोन्हा. आपल्या लोकांसाठी चर्च हवं, अशी विनंती त्याने पेशव्यांना केली आणि पेशव्यांनी शहराच्या पूर्व कडेला जागा दिली. आज आपण तिला क्वार्टर गेटचं सिटी चर्च म्हणतो. निष्कलंक गर्भसंभवाच्या मारियेला वाहिलेलं हे चर्च म्हणजे पुण्यातल्या कॅथलिकांची पहिली हक्काची जागा. सुरुवातीचं देवघर अगदी साधं होतं. मोठी वास्तू आली ती पुढे, एकोणिसाव्या शतकात.

या दानाचं वर्णन करताना आपण पटकन सहिष्णुता असं म्हणून मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. वसईचा संग्राम आठवा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या देवळांत आल्या. भीमाशंकरला १७२९ ची घंटा आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात १७२१ ची. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणीसांच्या घाटावर, १७०७ साली ओतलेली घंटा आजही टांगलेली आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. वसईनंतर ५३ वर्षांनी त्याच नानांच्या कारभारात, त्याच मारियेच्या चर्चला पुण्यात जमीन मिळाली. एकीकडे विजयाची घंटा घाटावर, दुसरीकडे चर्चला जागा. आणि यात कोणाला विसंगती वाटली नाही. वसईला समोर शत्रू होता. पुण्यात समोर नोकर होता, आणि तोही तोफ चालवणारा. घरापासून लांब असलेल्या शिपायाला लग्न लावायला, पोराचा बाप्तिस्मा करायला आणि मरताना शेवटचा संस्कार द्यायला धर्मगुरू मिळाला नाही, तर तो दुसऱ्या दरबारात चाकरी शोधतो. हे ओळखणं म्हणजे शहाणपणाचा राज्यकारभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे : जमीन पुणे दरबारने दिली, आणि कारणासाठी दिली.

१८१८ नंतर दरबार बदलला. इंग्रजांनी शहराला लागून लष्करी छावणी वसवली आणि तिच्याबरोबर दुसरे आलेले आले, ते आयरिश. इंग्रजांची पलटण म्हणजे सगळे इंग्रज, असा आपला समज असतो. १८३० च्या सुमारास ब्रिटिश फौजेतल्या दर दहा शिपायांमागे चार आयरिश होते आणि त्यांतले बरेच कॅथलिक. इंग्रजांनी आधी त्यांचाच देश घेतला होता आणि पोटासाठी ते आता इंग्रजांकरता दुसऱ्यांचा देश राखत होते. या शिपायांसाठी १८५० साली कॅम्पाच्या पूर्वेला, एम्प्रेस गार्डनच्या बाजूला, सेंट पॅट्रिक चर्च उभं राहिलं. नाव आयर्लंडच्या संताचं. इथेही साल पाहा. १८४५ ते १८५२ ही आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळाची वर्षं. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. पुण्यातल्या बराकीत बसलेल्या शिपायाचं घर तिकडे मोडत होतं, तेव्हा इकडे त्याच्या संताच्या नावाचं चर्च उठत होतं.

आता गंमत अशी की एका शहरात, एकाच पोपला मानणारी ही दोन चर्च दोन धन्यांची होती. पूर्वेकडच्या देशांतल्या चर्चचा कारभार पोर्तुगालच्या राजाकडे, हा पंधराव्या-सोळाव्या शतकातला हक्क. त्याला पाद्रोआदो म्हणत. पोर्तुगालचं बळ कमी झालं तसं रोमने १६२२ साली धर्मप्रसाराचं आपलं स्वतंत्र खातं उघडलं. दोन्हींचे धर्मगुरू मुंबई-पुण्यात समोरासमोर आले आणि शे-दोनशे वर्षं तंटा चालला. सिटी चर्च गोव्याच्या बाजूचं, सेंट पॅट्रिक रोमच्या बाजूचं. मुंबई इलाख्यात ही दुहेरी सत्ता पूर्णपणे मिटली ती १९२८ च्या करारानंतर. क्लीव्हलँडमध्ये बोलीवरून भांडण होतं, इथे सनदेवरून. वारज्यातल्या मंडळांनाही दोन गट आणि दोन अध्यक्ष नवे नाहीत, म्हणून याचं फार आश्चर्य वाटू नये.

१८८६ साली पुणे हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि सेंट पॅट्रिक त्याचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं चर्च झालं. पहिले बिशप बायडरलिंडेन हे जर्मन जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. पुण्याच्या मिशनचं काम तोवर जर्मन जेझुइटांकडे आलं होतं. १८६७ साली सुरू झालेली कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट शाळा त्यांचीच. म्हणजे आयरिश शिपाई, गोव्याचे कारकून आणि जर्मन धर्मगुरू, असा हा संसार. १९१४ चं महायुद्ध आलं आणि जर्मन जेझुइट रातोरात शत्रूचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत ठेवून पुढे देशाबाहेर पाठवण्यात आलं. १९०७ पासून पुण्याचे बिशप असलेले हाइनरिश डोरिंग यांना १९२१ मध्ये थेट जपानात हिरोशिमाला नेमलं गेलं, आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्याचे बिशप म्हणून आले. परदेशातल्या देवळाचा पुजारीसुद्धा आलेलाच असतो आणि राज्यकर्त्यांची मर्जी फिरली की त्याचीही गठडी वळते.

आता वास्तूकडे वळू. चर्चचा आराखडा सोपा असतो. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, टोकाला वेदी. दाराशी बाप्तिस्म्याचं कुंड, कारण माणूस धर्मात दारातून येतो. हा नकाशा बाहेरून आला. पण नकाशा सोडला तर बाकी काय परकं असतं? गोव्यातली चर्च पांढरी का? तिथला दगड जांभा. तो सच्छिद्र, पावसाचं पाणी पितो. म्हणून गिलावा करून चुन्याची सफेदी दरवर्षी मारावी लागते. पुण्याचा दगड काळा बेसॉल्ट. तो पाणी पीत नाही, त्याला गिलाव्याची गरज नाही, पण घडवायला कठीण. त्यामुळे युरोपात मऊ दगडात कोरलेली नाजूक नक्षी इथे जमत नाही. कॅम्पातल्या दगडी चर्चपुढे उभे राहा : कोपरे आणि कमानी तेवढ्या तासलेल्या, मधली भिंत ओबडधोबड ठेवलेली, सांधे चुन्याने भरलेले. तो चुना घाणीत मळलेला आणि तो दगड फोडणारा वडार इथलाच. कमान टोकदार हवी, एवढं साहेबाने सांगितलं. ती कशी तोलायची हे गवंड्याला ठाऊक होतं. वाड्यांच्या आणि घाटांच्या कमानी त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या होत्या.

छपराचीही अशीच कथा. युरोपातलं चर्चचं उतरतं छप्पर बर्फ घसरावा म्हणून. इथे ते पावसासाठी कामाला आलं, आणि त्यावर चढलं मंगळुरी कौल. हे कौलही बाहेरच्यांनीच आणलं, बासेल मिशनच्या लोकांनी. त्यांचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. आज कोकणातल्या घरावर तेच कौल दिसतं आणि त्याला कोणी परदेशी म्हणत नाही. सेंट पॅट्रिकचं छप्पर मात्र १९८० च्या दशकात कोसळलं. लोकांनी ते पुन्हा उभारलं. तोवर आयरिश पलटणी जाऊन चार दशकं होत आली होती. म्हणजे ज्यांनी चर्च बांधलं ते नव्हते. ज्यांना ते आपलं वाटलं त्यांनी ते सावरलं. इमारतीचे खरे मालक कोण, हे अशा वेळी कळतं.

कॅथलिकांच्या पलीकडचं एक उदाहरण घेतल्याशिवाय पुण्याचा विषय पुरा होत नाही. बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी १८६३ मध्ये कॅम्पात सिनेगॉग बांधायला घेतलं, ते १८६७ मध्ये पुरं झालं. आपण त्याला लाल देऊळ म्हणतो. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा; डेक्कन कॉलेज आणि ससून हॉस्पिटलही त्यांच्याच हातचं. बाहेरून पाहिलं तर लाल विटांचा, सुमारे ९० फूट उंच घड्याळाचा मनोरा, टोकदार कमानी, अगदी इंग्रजी चर्च. आत गेलं की चर्च संपतं. धर्मग्रंथ वाचण्याचा चौथरा दालनाच्या मध्यावर, बायकांसाठी वर सज्जा, आणि पवित्र ग्रंथाची जागा जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे इथून पश्चिमेला. बाहेरून राज्यकर्त्यांची ढब, आतून स्वतःचा धर्म. आलेल्या माणसाचं सगळं चातुर्य या एका इमारतीत दिसतं. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले आणि त्याच आवारात त्यांची समाधी आहे.

तिसरा प्रश्न भाषेचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ च्या बैठकांनी, मिस्सेला लोकांच्या भाषेची मोकळीक दिली. त्याआधी धर्मगुरू वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून लॅटिन म्हणायचे. आता ते लोकांकडे वळले. याचा परिणाम वास्तूवर झाला. जुन्या चर्चमध्ये आजही मागच्या भिंतीला लागून उंच, कोरीव वेदी दिसते, आणि तिच्यापुढे एक साधं, टेबलासारखं दुसरं वेदीपीठ. इतिहासाचे दोन थर एकाच नजरेत. आज पुण्यातल्या चर्चमध्ये मिस्सा इंग्रजी, मराठी, कोंकणी, तमिळ अशा अनेक भाषांत होते. रविवारी एक मिस्सा सुटते आणि दुसरी सुरू व्हायच्या आत दारात एका भाषेची गर्दी उतरते, दुसऱ्या भाषेची चढते. नगर जिल्ह्यातून आलेले मराठी कॅथलिक यात आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणारी ही माणसं; त्यांच्या भक्तीची चाल वारीची आहे आणि तिला कोणाच्या परवानगीची गरज पडलेली नाही.

आता ज्यांचं काहीच उरलं नाही अशांची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरियाकडे हाकलली. १९४१ च्या रशिया-पोलंड करारानंतर सुटलेल्यांपैकी काही इराणमार्गे भारतात आली. जामनगरच्या जामसाहेबांनी मुलांना आसरा दिला हे अनेकांना माहीत आहे. पण मोठी वसाहत आपल्याकडे, कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश लोक तिथे राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. कौलारू बराकींच्या रांगा, त्यांत शाळा, दवाखाना, आणि अर्थातच चर्च. पोलंडसारख्या कॅथलिक देशातून आलेल्यांनी संसार मांडताना देव मागे ठेवला नव्हता. पण हे मुक्कामाचं चर्च होतं. पक्की वास्तू बांधायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. युद्ध संपलं, माणसं इंग्लंड, पोलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडे पांगली. त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित उतरले आणि वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं, कापडाची मोठी बाजारपेठ. एक विस्थापित उठला, दुसरा बसला. मागे राहिली ती कोल्हापुरातली काही थडगी, महावीर उद्यानातलं स्मारक, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक, जिथे ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी फुलं वाहिली.

आता चौथा प्रश्न : आज आत कोण बसतं? क्लीव्हलँडमध्ये वास्तू राहिली, वस्ती गेली. हंगेरियन कुटुंबं उपनगरांत सरकली आणि रविवारी मोटारीने चर्चला येऊ लागली. त्याच शहराच्या पश्चिम भागातलं सेंट एमरिक हे दुसरं हंगेरियन चर्च २०१० मध्ये बिशपांनी बंद केलं; लोक रोमपर्यंत भांडले आणि २०१२ मध्ये ते उघडून घेतलं. वळिवड्यात माणसंही गेली, वास्तूही गेली. पुण्यात माणसं बदलत राहिली आणि वास्तू भरलेली राहिली. गोवेकरांच्या जागी तमिळ आले, आयरिशांच्या जागी नगरकर. तीनही शेवटांत मला पुण्याचा शेवट सर्वांत चांगला वाटतो. बांधणाऱ्याच्या वंशजांनीच वास्तू भरावी, हा आग्रह वास्तूला मारतो. पुढच्या येणाऱ्याला दार उघडं ठेवणारी वास्तू टिकते.

म्हणून दोन गोष्टी मागतो. पहिली अभ्यासकांकडे. पुण्याचा इतिहास लिहिताना पेठा, वाडे आणि देवळं यांच्या पंक्तीला सिटी चर्च, सेंट पॅट्रिक आणि लाल देऊळ यांना बसवा. कॅम्पातल्या परक्या वस्तू म्हणून परिशिष्टात टाकू नका. पेशव्यांनी दिलेली जमीन परिशिष्टात कशी जाईल? चर्चच्या वह्या पोर्तुगीज, लॅटिन, इंग्रजीत आहेत. त्या वाचू शकणारी मराठी मुलं तयार करा.

दुसरी मागणी तुमच्याकडे. गेल्या तीस वर्षांत वारज्यात किती देवळं, मठ, मशिदी, विहार, प्रार्थनागृहं उभी राहिली! कोणाची सुरुवात पत्र्याच्या शेडखाली झाली, कोणाची भाड्याच्या खोलीत. त्यांची वर्गणीची पावतीपुस्तकं, सभांची इतिवृत्तं, जागेचे कागद आणि पहिल्या पत्र्याच्या शेडचे फोटो आज कोणाच्या तरी माळ्यावर आहेत. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जातील. ते देऊ नका. गोळा करा, स्कॅन करा, या व्याख्यानमालेच्या वाचनालयात एक कपाट त्यासाठी ठेवा. शंभर वर्षांनी वारज्याचा इतिहास लिहिणारा कोणी तुमच्या नावाची पाच रुपयांची पावती शोधत येईल. ती त्याला मिळेल, एवढी व्यवस्था आपण करून ठेवू या.